कास सुजली आहे, पण चारही सड सारखे आहेत का?

डॉक्टर, नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली. घरी दोन दुभत्या गायी, एक गाभण पाडी आणि तिच्याहून लहान दुसरी पाडी. दूध सोसायटीत घालते. गाभण पाडी जर्सी क्रॉस, घरचीच, नाव तांबू. पहिल्यांदाच व्यायची आहे. १२ डिसेंबरला इंजेक्शनने भरवली होती. गेल्या आठ-दहा दिवसांत तिची कास एवढी फुगली आहे की पाय फाकवून चालते. सूज बेंबीपर्यंत आली आहे. आधी आनंदच झाला, दूध भरपूर देणार म्हणून. पण परवापासून मागचा डावा सड आणि त्याच्या वरचा भाग जास्त टणक, गरम लागतो. हात लावला की लाथ मारते. सडाच्या टोकाला पिवळसर पाणी दिसलं. खाणं थोडं कमी झालं आहे. शेजारच्या मावशी सांगतात, चारही सड पिळून मोकळे कर. गावात इंजेक्शनं देणारा एक जण आहे, तो म्हणतो सूज एका दिवसात उतरवतो. दीर म्हणतात, सड गेला, व्यायच्या आधी विकून टाका. आंबोणात मी मूठभर मीठ घालते, ते चालू ठेवू का? लहान असताना या दोन्ही पाड्या एकमेकींना चोखायच्या, त्याचा काही संबंध असेल का?

– एक वाचक, सत्तरी

ताई, पत्राखाली फोन नंबर दिलात ते फार बरं केलंत. मागच्या डाव्या सडासाठी आजच्या आज गुरांचे डॉक्टर बोलवा, एवढं तुम्हाला फोनवर सांगून झालंच आहे. ते छापून यायची वाट बघण्यासारखं नव्हतं. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण पावसात व्यायला आलेल्या पहिलारू कालवडी या दिवसांत पेडण्यापासून काणकोणपर्यंत बऱ्याच गोठ्यांत उभ्या आहेत आणि प्रश्न सगळ्यांचे थोड्याफार फरकाने हेच असतात.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. सगळ्या कासेला आलेली सूज हे एक. त्या एका सडाचं टणक आणि गरम होणं हे दुसरं. पहिल्याला बहुतेक वेळा औषध लागत नाही, दुसऱ्याला उशीर चालत नाही. मावशी, इंजेक्शनवाला आणि दीर, तिघांचे सल्ले तीन दिशांचे असले तरी तिघांनीही या दोन्हींना एकच दुखणं समजून सल्ला दिला आहे.

आधी तारीख बघू. १२ डिसेंबरपासून २८० दिवस मोजले की १८ सप्टेंबर येतो. त्यात आठवडाभर पुढेमागे होऊ शकतं. म्हणजे तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा साधारण तीन आठवडे उरले होते. पहिलारूची कास गाभणपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हळूहळू आकार घेते आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने भरते. तांबूची कास वेळेवरच भरली आहे. तारीख मी मुद्दाम पहिल्यांदा विचारतो. हीच कास सहाव्या-सातव्या महिन्यात अचानक भरून गळायला लागली असती, तर मी कासेचा विचार बाजूला ठेवून गर्भ तपासून घ्या म्हणालो असतो. तशी अवेळी भरलेली कास कधी जुळ्यांची असते, कधी गर्भपाताची आगाऊ सूचना असते. आणि गर्भपातामागे ब्रुसेलोसिस असेल तर तो माणसालाही लागतो, म्हणून तिथे उघड्या हातांनी काहीही हाताळायचं नसतं. तुमच्या बाबतीत ती भीती नाही. भरवल्याची तारीख तुम्ही लिहून ठेवलीत म्हणून हे दोन ओळींत सांगता आलं. पुष्कळ ठिकाणी मला “शिगम्याच्या जरा आधी” एवढंच उत्तर मिळतं.

आता सगळ्या कासेची सूज. व्यायच्या आधी कासेकडे येणारं रक्त एकदम वाढतं. ते परत नेणाऱ्या शिरा आणि लसिकावाहिन्या पहिलारू जनावरात तेवढ्या सरावलेल्या नसतात, शिवाय पोटातल्या वासराचा भार तिथल्या शिरांवर पडतो. येणारं जास्त आणि जाणारं कमी, म्हणून पाणी कातडीखाली साचतं. ओळखायची रीत सोपी आहे. कासेच्या पुढच्या बाजूला अंगठा जरा जोर देऊन चार-पाच सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खळगा पडलेला दिसला आणि तो लगेच भरून आला नाही, तर ती पाण्याची सूज. ती सहसा दोन्ही बाजूंना सारखी असते, हाताला गरम लागत नाही, दाबल्यावर जनावर ओढून घेत नाही. बेंबीपर्यंत यायला तिला काही लागत नाही, कधी कधी ती छातीच्या खालपर्यंतही पोचते. व्यायल्यानंतर आठ-दहा दिवसांत बहुतेक ओसरते, एखादीला दोन-तीन आठवडे लागतात.

फुगलेली कास म्हणजे भरपूर दूध, हा हिशेब मात्र सोडून द्या. कातडीखालचं पाणी काही दुधात उतरत नाही. उलट सूज फार मोठी आणि फार दिवस राहिली तर कासेला वर धरून ठेवणारे पट्टे ढिले पडतात आणि पुढच्या वेतांत कास लोंबायला लागते. गाभण कालवडीचा सौदा करताना विकणारा आधी कासेकडे बोट दाखवतो, तेव्हा घेणाऱ्याने तिथे अंगठा दाबून बघायला हरकत नाही.

मागच्या डाव्या सडाची गोष्ट वेगळी. चारांतला एकच कप्पा टणक, गरम आणि दुखरा असणं, टोकाला पिवळं पाणी येणं, खाणं कमी होणं, ही दगडीची, म्हणजे कासदाहाची लक्षणं आहेत. “अजून एकदाही पिळली नाही, मग दगडी कशी होईल?” असं फोनवर तुम्ही विचारलंत. होते. न व्यायलेल्या कालवडीलाही होते. युरोपात उन्हाळ्यात चरायला सोडलेल्या कालवडींना माश्यांमुळे होणाऱ्या दगडीला ‘समर मॅस्टायटिस’ असं वेगळं नावच पडलेलं आहे. आपल्याकडे माश्यांचा हंगाम पावसाळ्याचा. चावऱ्या माश्या सडाच्या टोकाला चावतात, तिथे बारीक खपली धरते, त्या खपलीत जंतू मुक्काम करतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दगडीचा खाष्ट जंतू माश्यांच्या पायांतोंडाने एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. त्यात जमीन ओली, शेण-मुताचा चिखल, आणि सुजेमुळे कास खाली आलेली. बसलं की सड थेट त्यात. बारा महिन्यांतलं बहुतेक पाणी आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतं आणि तुमच्या सत्तरीत तर किनाऱ्यापेक्षा जास्त. गोठा कोरडा ठेवणं बोलायला सोपं आहे, हे मला कळतं.

चोखण्याबद्दल तुम्ही विचारलंत, आणि पत्रातला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पाड्या एकमेकींना चोखतात तेव्हा सडाच्या टोकाचं नैसर्गिक झाकण निघून जातं आणि दुसरीच्या तोंडातले जंतू आत शिरतात. त्या वयात कप्प्यात दगडी होऊन गेली तरी बाहेरून काही कळत नाही, आत मात्र गाठ धरते. अशा काही कालवडी व्यायल्यावर तीनच सडांनी दूध देतात. चौथ्या सडात बोटांनी चाचपलं तर मधोमध दोरीसारखा कठीण तंतू लागतो. त्याला अंध सड म्हणतात आणि तो औषधाने उघडत नाही. तांबूचा सड गरम आणि दुखरा आहे, त्यावरून दुखणं ताजं दिसतं. ताजं असेल तर वाचायची संधी आहे. जुन्या गाठीवर नवं दुखणं आलं आहे का, ते डॉक्टर हाताने चाचपून सांगतील.

डॉक्टर आले की काय करतील ते सांगतो, म्हणजे तुम्हाला विचारता येईल. ते ताप बघतील. गायीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं. १०३ च्या वर गेलं तर जंतूंचा परिणाम कासेपुरता राहिलेला नाही असं समजायचं. मग त्या एकाच सडाचं टोक स्पिरिटने पुसून आतला नमुना घेतील. निरोगी पहिलारूच्या सडात या दिवसांत मधासारखा घट्ट, चिकट द्रव असतो. त्याऐवजी पाणी, चोथा, पू किंवा रक्त निघालं तर निदान झालंच. नमुना प्रयोगशाळेत पाठवता येईल का, हे जरूर विचारा. कुठल्या जंतूवर कुठलं प्रतिजैविक चालतं ते त्यातून कळतं आणि अंदाजाने ट्यूबमागून ट्यूब सोडावी लागत नाही. सडात सोडायच्या ट्यूबांतही फरक आहे. गाय आटवताना सोडतात ती ट्यूब लांब मुदतीची, तिचा अंश कित्येक आठवडे कासेत राहतो. व्यायला तीन आठवडे उरले असताना कुठली वापरायची हा डॉक्टरांचाच निर्णय. मेडिकलमधून आणून घरच्या घरी सोडू नका. बरोबर तापाचं आणि दुखण्याचं औषध लागेल. आणि कोर्स पूर्ण करा. दोन दिवसांत सूज उतरली म्हणून थांबवलेली दगडी व्यायल्यावर पुन्हा डोकं वर काढते, तेव्हा ती जास्त हट्टी असते.

मावशींचा सल्ला. त्यांच्या मनात चांगलंच असणार, पण बाकीचे तीन सड पिळू नका. बघण्यासाठी एक धारसुद्धा काढू नका. सडाच्या छिद्रात केराटिनचं मेणचट बूच असतं. बाहेरच्या घाणीत आणि आतल्या कासेत तेवढीच एक भिंत आहे. एकदा पिळलं की ती भिंत गेली, आणि ओल्या गोठ्यात पुढचे तीन आठवडे तिन्ही दारं उघडी राहिली. शिवाय पिळलं की चीक जातो. वासराला जन्मतः स्वतःची रोगप्रतिकारशक्ती जवळपास नसते, ती त्याला चिकातूनच मिळते, आणि चीक कास काही मागाहून पुन्हा बनवून देत नाही.

सड आपोआप गळायला लागले तर? सुजलेल्या कासेत असं होतं. व्यायच्या आदल्या दिवशी थोडं ठिबकलं तर काळजी नाही. पण चार-पाच दिवस आधीपासून धार लागली तर दोन गोष्टी करा. सडांची टोकं दिवसातून दोनदा स्वच्छ पुसून आयोडीनच्या द्रावात बुडवा, आणि वासरासाठी चीक दुसरीकडून जमवून ठेवा. गावात कुणाची निरोगी, तीन-चार वेतांची गाय याच दिवसांत व्यायली असेल तर तिचा पहिल्या दिवसाचा दोन-तीन लिटर चीक मागून घ्या, स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात धरून वितळवा. चुलीवर ठेवू नका, उकळू नका. उकळला की त्याचा खरवस होतो आणि वासराच्या कामाचं त्यात काही उरत नाही. त्या घरच्या लोकांना खरवस थोडा कमी मिळेल, पण पुढच्या वर्षी त्यांच्यावरही ही वेळ येऊ शकते, एवढं सांगितलं की लोक देतात.

आता इंजेक्शनवाला. एका दिवसात सूज उतरवणारं इंजेक्शन म्हटलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते डेक्सामेथासोनचं, म्हणजे स्टेरॉइडचं. सूज त्याने उतरतेही. पण गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात हे औषध शरीराला व्यायची वेळ झाल्याचा इशारा देतं आणि बहुधा दोन-तीन दिवसांत जनावर विऊन मोकळं होतं. जनावर मुद्दाम लवकर विऊन घ्यायचं असेल तेव्हा पशुवैद्यक हेच वापरतात, इतकं ते हमखास आहे. तीन आठवडे आधी आलेलं वासरू अशक्त, कधी फुप्फुसं न पिकलेलं, मागे वार अडकते, आणि आधीच दगडी असलेल्या जनावराची प्रतिकारशक्ती त्याच औषधाने आणखी दबते. दुसरी शक्यता लघवी वाढवून पाणी काढणाऱ्या औषधाची. ते सुजेवर देतात, पण सहसा व्यायल्यानंतर, आणि तेही जनावर तपासून. बाटलीवरचं नाव न वाचता कुणालाही सुई टोचू देऊ नका. ज्याला नाव सांगता येत नाही, त्याला गोठ्याबाहेरच चहा द्या.

मिठाचं उत्तर सोपं: आंबोणातलं मूठभर मीठ आजपासून बंद. आपल्याकडे आंबोणात, पेजेत जाडं गावठी मीठ घालायची सवय घरोघर आहे, आणि दुभत्या गायीला थोडं मीठ लागतंही. पण व्यायला आलेल्या सुजऱ्या कालवडीत मीठ पाणी धरून ठेवतं. खुराकात आणि क्षार मिश्रणात जे असतं तेवढं पुरे आहे. तिच्यासमोर चाटण-वीट टांगली असेल तर तीही काही दिवस काढा. मीठ कमी करा असं सांगितलं की काही जण पाणीही कमी करतात, ते मात्र अजिबात नको. पाणी हवं तेवढं, स्वच्छ, सारखं समोर.

पोटॅशियमही सूज वाढवतं, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. घरामागच्या नेपियर गवताला गोठ्याचं धुवण, गोमूत्र सोडलेलं असतं; गवत हिरवंगार येतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर उतरतं. तांबूला शेवटचे तीन आठवडे ते गवत कमी करून भाताचा पेंढा जास्त द्या. आणि “पहिलारू आहे, ताकद यायला हवी” म्हणून पेंड-कुंड्याचा ढीग घालू नका. दिवसाला दीड-दोन किलो खुराक, दोन वेळांत विभागून, तिच्यासारख्या कालवडीला पुष्कळ. कॅल्शियमच्या बाटल्या आत्ता पाजायच्या नाहीत. कॅल्शियम उतरून गाय बसते ती सहसा तिसऱ्या वेतापासून पुढची. पहिलारूत ते क्वचित. आणि व्यायच्या आधी पाजलेलं जास्तीचं कॅल्शियम हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची यंत्रणा सुस्तावून ठेवतं.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही, फक्त कुठला कुठे ते कळायला हवं. निव्वळ पाण्याच्या सुजेवर तिळाचं किंवा मोहरीचं २०० मिली तेल गरम करून त्यात मूठभर हळद आणि लसणाच्या दोन पाकळ्या टाकायच्या, निवल्यावर हलक्या हाताने गोल गोल चोळायचं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. दगडी नाही याची खात्री करूनच हे करायचं असतं, म्हणून तांबूच्या त्या डाव्या मागच्या कप्प्याला तेलाचं मर्दन नको. दगडीसाठी कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि खायचा चुना १५ ग्रॅम वाटून केलेला लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगाव पोचवला आहे. कास धुऊन पुसून पातळ लेप दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. तो लावा, पण डॉक्टरांच्या उपचाराबरोबर, त्याच्याऐवजी नाही. सडाच्या छिद्रात काही घालू नका, काडी तर मुळीच नाही. बिब्बा लावायचा नाही, डाग द्यायचा नाही. बिब्ब्याने कासेची कातडी सोलवटलेली कालवड व्यायल्यावर वासराला जवळ येऊ देत नाही, आणि मग तिला लाथाडी म्हणून दोष देतात. दृष्ट काढायची असेल तर काढा. त्याने कासेला अपाय नाही, फक्त डॉक्टरांना फोन त्याच्या आधी करा.

गोठ्यात तिची जागा बदलता आली तर सगळ्यात उंच, निचरा असलेल्या कोपऱ्यात हलवा. बसायला रेती उत्तम, पण आज गोव्यात घर बांधणाऱ्याला रेती मिळत नाही तिथे गुरांना कुठून मिळणार! सुका पेंढा किंवा वाळलेला पालापाचोळा जाड अंथरा आणि रोज ओला झालेला भाग काढून टाका. रबरी मॅट असेल तर तिच्याखाली साचलेलं पाणी बघा, वरून कोरडी दिसते आणि खाली आठवड्याची घाण असते. संध्याकाळी कडुनिंबाच्या ओल्या पाल्याची धुरी करा, धूर कोंडणार नाही अशी. गोचीड-माश्यांचं औषध मारायचं तर गाभण जनावराला चालणारं कुठलं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाऊस उघडला की सपाट जागेवर सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं फिरवा. चालण्याने साचलेलं पाणी वर चढायला मदत होते. डोंगराच्या निसरड्या वाटेवर नको. काजूच्या बागेतल्या काट्याकुट्यांतही नको, लोंबत्या कासेला ओरखडा उठायला वेळ लागत नाही.

दिरांना सांगा की आत्ता विकणं हा सगळ्यात तोट्याचा सौदा आहे. सुजलेल्या, एका सडाने दुखणाऱ्या कालवडीला बाजारात कोण काय देणार? दुखणं लपवून विकली तर फसवणूक, सांगून विकली तर मातीमोल. उपचाराने सड वाचला तर प्रश्नच नाही. नाही वाचला तरी तीन सडांची गाय दूध देते, आणि उरलेले तीन कप्पे चौथ्याची थोडीफार भरपाईही करतात. या वेतात गेलेला कप्पा पुढच्या वेतात थोडा सावरल्याचीही उदाहरणं आहेत, जरी त्यावर भरवसा ठेवू नये. विकायचंच असेल तर व्यायल्यावर महिन्याभराने, दूध मोजून, दुखणं सांगून.

तांबू व्यायली की वासराला तासाभरात चीक मिळायला हवा. दोन लिटरच्या आसपास पहिल्यांदा, मग दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. तो निरोगी तीन सडांचाच. डाव्या मागच्या सडाचा चीक वासराला नाही, खरवसाला नाही, सोसायटीच्या कॅनमध्ये तर नाहीच. तो वेगळा काढून गोठ्यापासून लांब खड्ड्यात पुरा, जमिनीवर सांडू नका. तो सड सगळ्यात शेवटी पिळा आणि नंतर हात साबणाने धुवा. औषध दिल्यापासून किती दिवस दूध घालायचं नाही ते डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या. पहिले काही दिवस दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं काढलं तर ताण कमी होतो आणि पाण्याची सूजही लवकर ओसरते. दुधाला गुलाबी झाक दिसली तर घाबरू नका, ताणलेल्या कासेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून तसं होतं आणि काही दिवसांत थांबतं. रक्ताच्या गाठी यायला लागल्या किंवा आठवडाभर थांबलंच नाही तर दाखवा. पाचव्या दिवसापासून प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर घेऊन चोथा दिसतो का बघत जा, आणि डॉक्टरांना सीएमटी, म्हणजे छुपी दगडी ओळखायची दुधाची चाचणी, करायला सांगा. चिकाच्या दिवसांत ती चाचणी फसवते, म्हणून आधी नको.

मधल्या काळात ताप चढला, खाणं पूर्ण थांबलं, उठता येईना, किंवा तो गरम सड अचानक गार आणि निळसर-काळा पडला, तर रात्र असली तरी फोन करा. गरम असलेला सड गार पडला म्हणजे बरं वाटलं असं नाही, तिथलं रक्त थांबलं आहे. घरी डिजिटल थर्मामीटर असू द्या, त्याला सुतळी बांधून शेपटीखाली लावायचा. तो पुन्हा घरच्या माणसांसाठी वापरायचा नाही, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

आणि ती दुसरी, लहान पाडी. तिच्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण तिचं काम आजच करण्यासारखं आहे. तिला वेगळी बांधा. अजून कुणाला चोखायची सवय असेल तर नाकात टोचऱ्या काट्यांची मोरकी घाला. चरता येतं, पण दुसऱ्या जनावराला काटे टोचले की तेच लाथेने तिला दूर ठेवतं. तिचे चारही सड एकदा चाचपून घ्या आणि पाचवा बारका सड दिसला तर डॉक्टर तांबूसाठी येतील तेव्हाच दाखवा.